मणीचक्राची हजेरी

राजधानीहून, थिंफूहून फोन आला तेव्हा यांगदेन मॅडम सातवी-आठवीच्या एकत्र वर्गाला पानांचे प्रकार शिकवत होत्या. फोन होता फुब थिनले साहेबांचा. शाळेला मनगटी पट्टे आणि इंटरनेटची डिश ज्या प्रकल्पातून मिळाली, त्याचे हे प्रमुख.

"मॅडम, तुमची मुलं झोपत नाहीत का?"

"झोपतात की. माझ्या तासाला तर हमखास."

"मी चेष्टा करत नाही. तुमचे बावीसच्या बावीस पट्टे रात्रंदिवस चालतायत. शनिवारचं चार्जिंग सोडलं तर मिनिटभरसुद्धा थांबत नाहीत. आणि नाडी एकालाही नाही. आमच्या ऑफिसात आता म्हणायला लागलेत, की पूर्वेला डोंगरात एक शाळा आहे, तिथं भुतं शिकतात. परवा मी स्वतः येतोय."

फोन ठेवून यांगदेननं वर्गाकडे पाहिलं. बावीस मुलं समोर बसली होती, जिवंत होती, आणि त्यातली निम्मी जांभया देत होती.

आता ही डिश आमच्या गावात का आली ते सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाला जाणं ही आमच्याकडची साथ आहे. एका घरात शिरली की शेजारच्या घरात पोचायला वेळ लागत नाही. तिनं आमची नर्स नेली, जंगलखात्याचा माणूस नेला, आणि गेल्या वर्षी गणिताचे जुर्मे सर नेले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. यांगदेन विज्ञान शिकवायची. तिनं काही दिवस गणित शिकवून पाहिलं, मुलांनी ते सहन केलं. मग हा प्रकल्प आला, छपरावर डिश बसली, आणि पडद्यावर पुन्हा जुर्मे सर दिसायला लागले. पर्थच्या एका वृद्धाश्रमात त्यांची रात्रपाळी असते. रात्रभर म्हाताऱ्यांच्या कुशी बदलायच्या, सकाळी त्याच निळ्या सदऱ्यात खोलीवर येऊन आमच्या मुलांना समीकरणं शिकवायची. डोळे तारवटलेले, पण गणितात चूक नाही. ही शिकवणी फुकट होती. त्यांनीच तसं ठरवलं होतं.

डिशबरोबर पट्टे आले, आणि पट्ट्यांबरोबर अट. मुलांनी ते दिवसभर मनगटावर घालायचे. मूल किती हिंडतं, किती झोपतं, नाडी कशी चालते, ते सगळं थिंफूला समजणार. ज्या शाळेचे पट्टे नुसते पडून राहतील, तिची डिश काढून दुसऱ्या शाळेला द्यायची.

पहिल्या महिन्यात आमचा नंबर शेवटून पहिला आला. तासभराची चढण चढून शाळेत येणारी, गुरांमागं रान तुडवणारी मुलं, आणि थिंफूचा कागद म्हणतो, ही मुलं जागची हलत नाहीत! यांगदेन घरोघर फिरली तेव्हा उलगडा झाला. राजधानीहून आलेली, डब्यातली, महागाची वस्तू. ती घालून कुणी लाकडं फोडायला जातं का? सगळ्या आज्यांनी पट्टे देवघरात ठेवले होते, पांढऱ्या रेशमी शेल्यात गुंडाळून, लोण्याच्या दिव्यापाशी. एकीनं तर पट्ट्यापुढं बिस्किटंही ठेवली होती.

यांगदेन त्या दिवशी वर्गात फार चिडली. "पट्टे निजून राहिले तर डिश जाईल. डिश गेली की जुर्मे सर गेले. मग बसा माझ्याकडून गणित शिकत! ते पट्टे हलते राहिले पाहिजेत. कसेही!"

हे 'कसेही' तिला महागात पडणार होतं. पण तेव्हा तसं काही वाटलं नाही. पुढच्याच महिन्यात शाळेचा नंबर वर गेला, त्यापुढच्या महिन्यात ती पहिली आली. प्रिन्सिपल ल्हेन्दुप सरांनी तो कागद काचेत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवला.

फोननंतर यांगदेननं लॅपटॉप उघडला. पट्टे कुठं आहेत ते नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दिसायचं. शाळेच्या चौकोनात एकही ठिपका नव्हता. सगळे खाली ओढ्याच्या रेषेवर, एकावर एक चढून बसले होते.  मुलं समोर बसलेली दिसत असूनही तिनं ती पुन्हा एकदा मोजली.

"चेकी, इकडं ये. बाही वर कर."

चेकी आठवीतली. जिभेला हाड नसलेली, पण कामाला चोख. पट्टे गोळा करून शनिवारी चार्ज करायचं काम तिच्याकडेच होतं. तिनं बाही वर केली. मनगटावर लामांनी मंतरून दिलेला लाल दोरा होता, पट्टा नव्हता.

"बाकीच्यांनीही दाखवा."

बाकीच्या एकवीस बाह्या वर झाल्या. आमच्या गणवेशाच्या बाह्या चांगल्या बोटांपर्यंत येतात. महिनोन्‌महिने कुणाचं मनगट दिसत नाही, त्यामुळे इतके दिवस हे खपून गेलं.

"कुठायत पट्टे?"

"चालतायत, मॅडम," चेकी म्हणाली.

मधल्या सुट्टीत ती यांगदेनला ओढ्यावर घेऊन गेली. तिथं दगडाच्या खोपटात गावाचं मणीचक्र आहे. माणसाएवढं लाकडी पिंप, आत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या, मधून आरपार उभा लाकडी कणा, खाली पाण्यात पंखा. पाणी पंख्याला ढकलतं, चक्र फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्याला वरची घंटा एकदा वाजते. त्याची देखभाल पेलझांग मेमे करतात. ते सगळ्या गावाचेच मेमे, म्हणजे आजोबा.

"आलीस?" मेमे म्हणाले. "कधी जाणार ऑस्ट्रेलियाला?"

यांगदेन दिसली की त्यांचा हा पहिला प्रश्न ठरलेला.

"जात नाही, मेमे."

"जुर्मेही असंच म्हणायचा."

यांगदेनचं लक्ष चक्राकडे होतं. पिंपाच्या बुडाशी पाचरंगी दोऱ्यानं बावीस पट्टे ओळीनं बांधले होते. चक्राबरोबर तेही गरागरा फिरत होते आणि त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. 

"चेकी, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, कसेही हलते ठेवा?"

"अगं, पण ही फसवणूक झाली!"

"कशी काय?" चेकीला खरंच कळेना. "मॅडम, चक्रातले मंत्र कुणी वाचतं का? पाणी फिरवतं. आणि पुण्य कुणाला लागतं? ज्याच्या नावानं फिरवलं त्याला. प्रत्येक पट्ट्यात आमचं एकेकाचं नाव आहे. पाणी तो फिरवतंय. मग चाललं कोण? आम्हीच ना?"



"आणि चोरून नाही काही केलं," मेमे म्हणाले. "पंचांग बघून दिवस काढला, धूप जाळला, मगच बांधले. कण्याला मी रोज तेल घालतो. कणाही कसा, तर जुर्मेच्या आईनं दिलेला. डोळे मिटण्याआधी शेवटचं काम तिनं तेच केलं, सागवानालाही लाजवील असलं लाकूड आणवलं. त्या कण्यावर मुलांचं गणित फिरतंय, यात वाईट काय?"

यांगदेनला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. परवा साहेब येणार होते. हे बघितलं की ते डिश काढणार, ती काढली की जुर्मे सर जाणार, आणि चेकीसारख्या पोरीला आठवीच्या परीक्षेत गणितात भोपळा मिळणार. चेकीला पुढं इंजिनियर व्हायचं होतं. भोपळा घेऊन कुणी इंजिनियर होत नाही.

प्रिन्सिपलसरांनी तोडगा लगेच काढला. "पट्टे सोडा, मुलांच्या मनगटावर चढवा. मशीन बिघडलं होतं म्हणून सांगू. साहेब जेवतील, दोन घोट घेतील आणि जातील. आपण पाहुण्यांना कधी उपाशी पाठवलंय?"

यांगदेनला हे पटलं नाही. पण ती काही बोलली नाही, आणि अशा वेळी न बोलणं म्हणजे हो म्हणणंच असतं.

फुब थिनले आले ते चिखलानं माखून. दरड कोसळल्यानं शेवटचा रस्ता पायीच होता. प्रिन्सिपलसर फाटकापर्यंत धावले.

"या, दाशो, या!"

दाशो म्हणजे राजाकडून मान मिळालेला मोठा अधिकारी. फुब थिनले संकोचून म्हणाले, "मी दाशो नाही हो."

"ही तुमची नम्रता, दाशो."

लोण्याचा चहा झाला, भाजलेले पोहे झाले. मग साहेब वर्गात आले. बावीस मनगटांवर बावीस पट्टे होते आणि सगळ्यांच्या बाह्या न सांगता दुमडलेल्या होत्या. साहेब पहिल्या बाकावरच्या नेदुपपाशी थांबले. नेदुप सातवीतला, वर्गातला सर्वात गरीब स्वभावाचा मुलगा. साध्या खोडीलाही त्याचे कान लाल व्हायचे.

"काय रे, रात्री झोपतोस ना?"

नेदुपनं यांगदेनकडे पाहिलं. मग प्रिन्सिपलसरांकडे. मग जमिनीकडे.

"नाही, दाशो. मी... चालतो."

"रात्रभर? कुठं?"

"असाच. घरातल्या घरात." कान लालबुंद झाले होते. "गणित पाठ करत."

तो आपल्या मॅडमसाठी खोटं बोलत होता, आणि जमत नसताना बोलत होता. यांगदेनला ते बघवेना. गणित शिकवायला माणूस नव्हता म्हणून एवढा खटाटोप. खोटं शिकवायला मात्र ती स्वतः उभी होती, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"नेदुप, खाली बस," ती म्हणाली. "साहेब, ही मुलं रात्री झोपतात. पट्टे मणीचक्राला बांधले होते. कसेही हलते ठेवा, असं मीच म्हणाले होते. काल ते सोडून यांच्या हातात चढवले, तेही मला माहीत आहे. चला, दाखवते."

प्रिन्सिपलसरांनी कपाळाला हात लावला.

ओढ्यावर साहेबांनी आधी चक्राला प्रदक्षिणा घातल्या, मग दोऱ्याचे उरलेले तुकडे बघितले. चेकीनं पुण्याचा सगळा हिशेब त्यांना पुन्हा ऐकवला. 

"मॅडम, खरं सांगितलंत, बरं वाटलं," शेवटी ते म्हणाले. "पण वरच्यांना मी काय दाखवू? ज्या शाळेनं पट्टे वापरलेच नाहीत तिथं डिश ठेवता येत नाही. उद्या सकाळी उतरवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात हत्यारांची पिशवी घेऊन उकिडवे बसले. पुढं पडद्यावर जुर्मे सर आले, निळ्या सदऱ्यातच.

"गुड मॉर्निंग! आज सगळ्यांची तोंडं का उतरलीत?"

"सर, आज शेवटचा तास," चेकी म्हणाली. "दाशो वायर काढायला बसलेत."

 जुर्मे सरांनी चष्मा पुसला. "बरं. मग तो वाया घालवायला नको. गणित कशावर करू या?"

"चक्रावर," चेकी म्हणाली, आणि मागं वळली. "दाशो, वायर नंतर काढा. आधी गणित होऊ द्या."

साहेबांचा हात तिथंच थांबला.

पट्टे चक्राला कसे बांधले होते ते चेकीनं सरांना सांगितलं आणि लॅपटॉपवरून त्या फिरण्याचा आलेख पडद्यावर घेतला. पट्टे चार्ज करताना तिनं तो कितीदा तरी बघितला होता, पण त्याचा अर्थ तिला लागला नव्हता. जुर्मे सर पुढं वाकले. त्यांचं नाक पडद्यावर मोठं दिसायला लागलं.

"अरे, हे चालणं नव्हे. हे ओढ्याचं पाणी आहे! पाणी वाढलं की चक्र जोरात, कमी झालं की हळू. बघा, पावसाळा संपल्यापासून रेघ कशी खाली येतेय. नेदुप, दर आठवड्याला किती खाली?"

नेदुपनं वहीत मांडलं. उत्तर चुकलं, पुन्हा मांडलं, बरोबर आलं.

"आता हे खड्डे. रोज दुपारी एक खड्डा आहे, शाळा सुटली की सुरू, अंधार पडायच्या आत बंद. तेवढा वेळ पाणी निम्म्यावर येतं. जातं कुठं?"

"सुट्टीच्या दिवशी खड्डा नाही, सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शाब्बास! म्हणजे ज्याला रविवारी सुट्टी, असा कुणीतरी आहे."

"माफ करा, सर," मागून साहेबांचा आवाज आला. ते उभे राहिले होते आणि हातात पक्कड तशीच होती. "निम्म्यावर येतं म्हणालात, पण चक्र निम्म्यावर आलं म्हणजे पाणी निम्म्यावर आलं असं नसतं. पाणी त्याहून जास्त कमी झालेलं असणार. मी सिंचनात होतो आधी."

"मग या की पुढं! फळ्यावर दाखवा. मला इथून खडू पोचत नाही."

साहेब पुढं आले. खडू घेतला. मग फळ्यावर ओढा आला, पाट आले, पंखा आला, आणि वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. यांगदेन कोपऱ्यात उभी राहून बघत होती. गणिताच्या तासाला भांडणारी मुलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"चक्राच्या वर पाट किती?" साहेबांनी विचारलं.

"तीन, दाशो. दोन भाताचे, ते कापणीनंतर बंद झाले."

"आणि तिसरा?"

 नेदुपचे कान पुन्हा लाल झाले. मग एकेक मान दाराकडे वळली. दारात प्रिन्सिपलसर उभे होते. शाळेच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आणि घरामागं त्यांची बाग, हे गावात कुणाला माहीत नव्हतं?

"कोबी," प्रिन्सिपलसर हळूच म्हणाले. "दुपारचं जरा जास्तच पाणी लागतं त्याला."

आधी पर्थहून हसू फुटलं. मग वर्ग फुटला. फुब थिनले तर फळ्याला टेकून डोळे पुसेपर्यंत हसले, आणि शेवटी प्रिन्सिपलसरांनाही हसावं लागलं. त्यांनी तिथल्या तिथं दुपारचा पाट बंद करायचं कबूल केलं. कोबीचं पुढं काय झालं, त्याची चौकशी कुणी केली नाही.

तास संपला तरी साहेब पिशवीकडे गेले नाहीत. 

"आमच्या कागदात लिहिलंय, मुलांनी यंत्र वापरून शिकावं," ते म्हणाले. "यंत्र मुलांच्या अंगावरच हवं, असं कुठं म्हटलंय? परीक्षेपर्यंत डिश राहू दे, मॅडम. तोवर वरच्यांशी मी भांडतो. हा आलेख मला पाठवा, भांडायला कामी येईल. मुलांचे पट्टे मात्र मुलांच्याच हातावर. आणि ओढ्याचा हिशेब चालू राहावा म्हणून चक्राला हा एक जास्तीचा."

त्यांनी पिशवीतून नवा पट्टा काढला. पट्टा चालू करायला विद्यार्थ्याचं नाव आणि इयत्ता भरावी लागते. नावाच्या जागी त्यांनी 'मणीचक्र' असं लिहिलं.

"इयत्ता?"

"बालवाडी," चेकी म्हणाली. "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतं ते."

परीक्षा आठवड्यावर आली होती. सकाळी यांगदेन चुलीवर मिरच्या आणि चीज शिजवत होती, बाहेर अजून धुकं होतं. फोन वाजला. जुर्मे सर.

"मॅडम, चक्र थांबलंय."

"काय?"

"थोड्या वेळापूर्वी. पानं अडकली असतील, अक्रोडाची. या दिवसांत अडकतात. जरा बघता का?"

"सर, तुम्ही आत्ता कामावर आहात ना?"

"हो." तिकडं कुणीतरी म्हातारं खोकत होतं. "रात्री म्हातारे झोपले की मी फोनवर त्या पट्ट्याचा आलेख उघडून ठेवतो. ते फिरत असतं. आईचा कणा आहे ना तो. इथं कितीही काळोख असला, तरी घरी कुणीतरी जागं आहे असं वाटतं. आज एकदम थांबलं, तर मला बसवेना."

यांगदेननं चूल विझवली. वाटेत चेकीला हाक मारली, नेदुप न बोलावता मागं आला. ओढ्यावर पोचेपर्यंत त्यांना दम लागला. खोपटाच्या शेजारीच मेमेंचं घर. ते तोंड धूत होते.

"मेमे, चक्र थांबलंय!"

"काहीतरीच! मी इथं..." मेमे बोलता बोलता थांबले. घंटा वाजत नव्हती. "तुला कुणी सांगितलं?"

"जुर्मे सरांनी."

"ऑस्ट्रेलियातून?" मेमे भडकले. "मी हाकेच्या अंतरावर झोपतो, आणि मला सांगायला समुद्रापलीकडनं निरोप?"

चेकी पाण्यात उतरली. पंख्यात अक्रोडाच्या पानांचा लगदा अडकला होता. तिनं आणि नेदुपनं मुठीमुठीनं तो काढला, हात गारठून लाल झाले. चक्र आधी कुरकुरलं, मग हललं. घंटा वाजली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. यांगदेनच्या फोनवर पर्थहून निरोप आला. एकच शब्द होता, 'फिरलं'.

तिनं तो मेमेंना वाचून दाखवला. मेमे नेहमीचा प्रश्न न विचारता म्हणाले, "जायचं असलं तर जा बाई तूही. आता मी अडवत नाही. फक्त तिकडून अधूनमधून बघत जा, आमचं फिरतंय का ते."

"जात नाही, मेमे," यांगदेन म्हणाली, आणि चेकीचे गारठलेले हात आपल्या बाह्यांत ओढून घेतले. "चला, गणिताचा तास आहे."